हेल

नंबर अनोळखी होता. एरवी बोमीने तो उचललाच नसता. पण ग्रंथालयातून एका पुस्तकाबद्दल फोन यायचा होता, म्हणून तिने चालता चालता फोन कानाला लावला आणि म्हणाली, "हॅलो, कोण बोलतंय आपण?" आवाज स्वच्छ, सपाट, अगदी राजधानीतला, सोलचा. पलीकडे गजबज होती, कर्ण्यावरून कुठल्याशा बसची वेळ पुकारत होते, आणि त्या सगळ्या गलक्याच्या अलीकडे कुणीतरी श्वास घेतला. नुसता श्वास. बोमीला तेवढ्यावरच कळलं. "हा बोमीचाच नंबर ना?" आईने विचारलं. बोमीच्या डाव्या हाताला आरा चालत होती, तिच्याच वर्गातली, आणि उजवीकडे ग्युहोदादा, एक वर्ष पुढचा. तिघं दुपारच्या तासाला निघाले होते. आरा काहीतरी सांगता सांगता थांबली होती, बोमीचा फोन संपायची वाट बघत, इतकी जवळ की तिच्या ओल्या केसांचा वास येत होता. बोमीने तोंड उघडलं.  आईशी या सपाट आवाजात बोलणं म्हणजे आईला काकू म्हणण्यासारखं होतं. आणि तो दुसरा, गावाकडचा आवाज आराच्या कानापासून वीतभर अंतरावर काढायचा, हे तर तिने गेल्या पाच महिन्यांत जाणूनबुजून एकदाही केलं नव्हतं. एक क्षण गेला. दुसरा गेला. "माफ करा हं," आई म्हणाली, एकदम अहोजाहो करत. "चुकून लागलेला दिसतोय." फोन बंद झाला. "कोण गं?" आराने विचारलं. "रॉंग नंबर," बोमी म्हणाली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गिंकोच्या झाडांची फळं पडून चिरडली होती आणि नोव्हेंबरातला तो आंबूस, घाण वास सगळीकडे भरला होता. आरा नाक दाबून उड्या मारत चालली होती. बोमी तिच्यामागोमाग पावलं टाकत गेली, जिना चढली, जागेवर बसली, वहीवर तारीख घातली. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि तिच्या कानात ते 'माफ करा हं' पुन्हा पुन्हा वाजत होतं. एकोणीस वर्षांत आई तिला कधी अहोजाहो बोलली नव्हती. थट्टेतसुद्धा नाही. रागावली की 'टवळे' म्हणायची, लाडात आली की 'माझी कोलंबी'. त्या 'माफ करा'तला परकेपणा इतका नीटनेटका होता, इतका घडी घातलेला, की बोमीला वाटलं आपण कुणा अनोळखी बाईचा अपमान केलाय. मग तिच्या मनात आलं, आईने स्वतःच्या फोनवरून का नाही केला? आणि ती गजबज कसली? गावी थोंगयॉंगला आई कालवं फोडते त्या शेडमध्ये पाण्याचा आवाज असतो, शिंपल्यांचा खडखडाट असतो, बायकांची गाणी असतात. तिथे कर्णा कुठून आला? 'जिंजू, चार नंबर, दोन वाजून दहा मिनिटं.' हेच पुकारत होते. बोमीच्या हातातलं पेन थांबलं. जिंजूची बस सोलच्या दक्षिणेकडच्या बसतळावरून सुटते. आई सोलमध्ये होती.

ती तासातून उठली. सरांनी वर पाहिलं, तिने पोटावर हात ठेवून मान लववली आणि बाहेर आली. आईचा फोन बंद लागत होता. तिने त्या अनोळखी नंबरवर फोन लावला. एका तरुण माणसाने उचलला. "हां, एका मावशींनी मागितला होता. त्यांचा बंद पडला होता म्हणे." "कुठे आहेत त्या?" "गेल्या की. चुकीचा लागला म्हणाल्या, दोनदा वाकून आभार मानले आणि गेल्या." "कुठल्या बाजूला?" "ते मी कसं सांगणार?" तो जरा वैतागला, मग त्यालाच काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, "हातात थर्माकोलचा मोठा खोका होता. जड असावा. दोन-दोनदा खाली ठेवत होत्या."

मेट्रोमध्ये बसायला जागा होती, तरी ती दाराशी उभी राहिली. काळ्या काचेत तिचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा ज्या आवाजात बोलतो तो तिने कसा कमावला, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये विद्यापीठातल्या तिच्या विभागाने नव्या मुलांना दोन दिवस सहलीला नेलं होतं. मोठ्या खोलीत सगळे जमिनीवर गोल करून बसले, एकेकाने उठून नाव-गाव सांगायचं. बोमी उठली. ती दोनच वाक्यं बोलली असेल, की अख्खी खोली हसायला लागली. हसण्यात वाईटपणा असता तर बरं झालं असतं. वाईटपणा नव्हताच. "कित्ती गोड!" "थांब थांब, परत म्हण!" "ए, तुमच्याकडे 'दादा' कसं म्हणतात गं? ते म्हण ना!" दक्षिणेकडच्या मुलीने हेल काढून 'दादा' म्हटलं की सोलची पोरं विरघळतात, हे तिने टीव्हीवर पाहिलं होतं, आपल्यालाही कुणी तसं करायला लावेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने म्हटलं. चार वेळा म्हणायला लावलं; चौथ्या वेळी कुणीतरी फोनवर चित्रण केलं. तीही हसत होती. पुढे महिनाभर ती 'दादावाली' होती. एकदा तासाला तिने एका प्रश्नाचं उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, त्यासाठी तिने तीन दिवस वाचलं होतं, पण वाक्य अर्ध्यावर असतानाच सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं, मायाळू, लहान मुलाच्या बोबड्या बोलाला येतं तसं. ती काय म्हणते आहे ते कुणी ऐकतच नव्हतं. सगळे हेल ऐकत होते.

मग तिने तो काढून टाकायचं ठरवलं. तिची भाड्याची खोली इतकी लहान होती की पलंगावरून हात लांबवला की दार उघडता यायचं, आणि भिंती पुठ्ठ्याच्या. पलीकडची मुलगी खोकली तरी ऐकू यायचं. म्हणून ती डोक्यावरून दुलई घ्यायची आणि आत, स्वतःच्याच श्वासाच्या उष्ण दमटपणात, हवामान सांगणाऱ्या बाईची वाक्यं तिच्यामागून म्हणायची. 'उद्या सकाळी किनारपट्टीवर दाट धुकं राहील.' बाई ते वाक्य इस्त्री फिरवल्यासारखं बोलायची. बोमीचं वाक्य मात्र लाटेवरच्या होडीसारखं, पहिल्याच शब्दाला वर चढायचं. महिना गेला, दोन गेले. जूनमध्ये कपड्यांच्या दुकानातल्या मुलीने विचारलं, "तुम्ही इथल्याच ना?" त्या आनंदात तिने नको असलेले तीन जोड मोजे घेतले. अडचण एकच होती, आईचा फोन. आईशी बोलायचं म्हणजे चार मजले उतरून इमारतीच्या मागे कचऱ्याच्या डब्यांपाशी जायचं, तिथे तो दुसरा आवाज काढायचा. आणि मग तासभर जीभ वाकडीच राहायची. एकदा तर आराशी बोलताना तसाच शब्द निसटला. त्या दिवशी तिने आईला सांगितलं, "आये, फोन नको करत जाव. मेसेज कर. मी वर्गात असतंय." संध्याकाळी सात वाजता कसला वर्ग, असं आईने विचारलं नाही. "बरं," म्हणाली. तेव्हापासून मेसेज यायचे. आधी दोन-तीन ओळींचे, मग एका ओळीचे, आणि चुकांनी भरलेले. 'जवलस का.' 'थडी आह का.' ऑक्टोबरमध्ये एक मेसेज आला, त्यात फक्त 'ज' होता. बोमीला हसू आलं होतं. तिने त्याला अंगठा पाठवला होता.

बसतळावर माणसांची ही गर्दी. पाठमोरी दिसणारी प्रत्येक दुसरी बाई आई वाटत होती. आखूड कुरळे केस, दोरे भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट, पायाशी खोका. बोमी एकेकीच्या पुढे जाऊन चेहरा पाहत होती आणि माफी मागत होती. खिडकीवर विचारलं, स्वच्छतागृहात पाहिलं, सूप विकणाऱ्या टपरीवर पाहिलं. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. गावी धक्क्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला 'आयेऽ' अशी हाक घातली की चार बोटी पलीकडची आई मान वर करायची. बोमी हॉलच्या मधोमध उभी राहिली, छाती भरून घेतली, आणि तिच्या आजूबाजूला सगळी सोलची माणसं सोलच्या आवाजात बोलत होती. तिने तो श्वास तसाच सोडून दिला. पुन्हा चेहरे पाहायला लागली. आपण काय केलं हे तिला त्याच वेळी समजत होतं, आणि तरीही हाक निघाली नाही. पुढे कितीतरी दिवस तिला फोनपेक्षा हेच जास्त टोचत राहिलं. फोनच्या वेळी निदान विचार करायला वेळ नव्हता.

फोन वाजला. आरा होती. "अगं, आहेस कुठे तू? तुझी आई आलीय!" "कुठे?" "कुठे म्हणजे? विभागाच्या खोलीत. फाटकावरच्या रखवालदारकाकांना विचारत विचारत आल्या. एवढा मोठा खोका घेऊन! तू सावकाश ये, आम्ही संत्री खातोय."

ती पळत जिना चढली आणि दाराबाहेर थबकली. आत आई बोलत होती. बोमीला आधी वाटलं दुसरंच कुणी आहे. "आपण सर्व जण माझ्या कन्येस सांभाळून घेता, त्याबद्दल मी अत्यंत आभारी आहे," आई म्हणत होती. शब्द एकेक करून, पायऱ्या उतरताना जपून पाय ठेवावा तसे येत होते. टीव्हीवरच्या मालिकांमधल्या श्रीमंत सासवा बोलतात तसे. हेल ती दाताखाली दाबून धरत होती, आणि तो मधूनच निसटला की वाक्य सोडून पुन्हा सुरुवात करत होती. "अहो काकू, आभार कसले," ग्युहोदादा म्हणाला. "आणि तुम्ही तर छानच बोलता. बोमी सुरुवातीला कशी बोलायची, माहितीये?" "तिला आता चांगले येते," आई म्हणाली. "मला अद्याप सराव नाही." कुणी हसलं नाही. सगळे अदबीने गप्प होते, आणि ती अदब बोमीला मार्चमधल्या हसण्यापेक्षाही सहन होईना.

ती आत गेली. आई खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती. लग्नाकार्याला घालायचा जांभळा कोट, ओठांना लाली, हात मांडीवर झाकल्यासारखे. पुढ्यात संत्र्याच्या फोडी कागदावर मांडलेल्या. आरा सोलून देत होती. बोमीला पाहून आई उठली. "आलीस का, बाळ? तुझ्या अध्ययनात मी व्यत्यय तर आणला नाही ना?"

व्यत्यय. हा शब्द आईने आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. तो तिने येताना बसमध्ये, नाहीतर रस्त्यात, घोकला असणार. बोमीने तोंड उघडलं, आणि या वेळी कुठल्या आवाजात बोलायचं हे तिने ठरवलंच नाही. "आये, अशी कशी आलीस गो न सांगता? फोनला काय झाला तुज्या? नि ह्या हातांना काय झालाय? बघू!"

 ग्युहोदादाने टाळी वाजवली. "अरे, दादावाली परत आली!" आणि बोमी त्याच्याकडे वळून त्याच हेलात म्हणाली, "गप बस रे जरा." तो खरंच गप्प बसला. आई मात्र घाबरली. तिने बोमीचं कोपर धरलं, चिमटा काढावा तसं दाबलं आणि कुजबुजली, "हळू गो. ऐकतायत ती." आराने ऐकलंच होतं.  खोका उघडला तेव्हा तिने बर्फातली कालवं विभागाच्या फ्रिजमध्ये लावून दिली, आणि निघताना उरलेली संत्री बोमीच्या कोटाच्या खिशात कोंबली, फुगेपर्यंत.

खरी गोष्ट आईने जिन्यात सांगितली, तीही रेशनची रांग सांगावी तशा सहज सुरात. उद्या साडेआठला इस्पितळात हाताचं छोटं ऑपरेशन. मनगटातली शीर दाबली गेलीय. उजव्या हाताची तीन बोटं सप्टेंबरपासून बधिर. शेडमधल्या बायका म्हणाल्या, इथला डॉक्टर चांगला. "धा मिनिटांचा काम. उद्या संध्याकाळच्या बशीनं मी परत." कालवं फोडायची सुरी हातात आहे की नाही तेच कळत नाही म्हणे. फोन सकाळी तसाच पाण्याच्या टाकीत पडला; वाळवला, तरी बसमध्ये बंद पडला. "म्हणजे मेसेज..." बोमी म्हणाली. "बोट पडतच नाय गो नीट. एक अक्षर लिवायचा तर घाम फुटतो. पण तू अंगठा धाडायचीस ना, तेवढ्यान बरा वाटायचा." बोमीने आईच्या हातातून पिशवी घेतली. पुढच्या वळणापर्यंत तिला काही दिसत नव्हतं.

खोलीत दोघी मावणं शक्यच नव्हतं, आणि पाहुणे ठेवायला मालकीणबाईंची मनाई होती. म्हणून त्या संध्याकाळीच गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात गेल्या. अंघोळ करून तिथल्याच उबदार जमिनीवर झोपायचं, बऱ्याच जणी झोपतात. बायकांच्या बाजूला वाफ दाटली होती. बुटक्या प्लास्टिकच्या चौरंगावर आई पाठमोरी बसली आणि बोमी खरखरीत घासणीने तिची पाठ घासायला लागली. पाठ किती लहान झाली होती. गावी असताना दर रविवारी ही पाठ तिच्यासमोर असायची आणि ती कंटाळत, भराभर हात फिरवत असायची. आईने उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला होता. बोटांवर सुरीचे जुने पांढरे वण होते आणि दोन-तीन नवे, लाल. गरम पाणी लागलं तरी तिने बोटं आखडून घेतली नाहीत. तिला ते कळतच नव्हतं.

"आये."

"हां."

"दुपारचा फोन. मीच उचलला व्हता तो."

आईची पाठ हलली नाही. "ठावं हाय," ती म्हणाली.

बोमीचा हात थांबला. "कसं?"

"तू हॅलो म्हणालीस ना."

"पण मी तर तशी... तू तर म्हणालीस चुकून लागला."

"तू बोलेनास. म्हटला सोबत कोण असंल. त्यांच्यासमोर कशाला उगाच."

शेजारी कुणीतरी तांब्या आपटला. बोमीने घासणी पाण्यात बुडवली, पिळली, परत बुडवली. तिला वाटलं, विचारू नये, आणि विचारलं. "लागला तुला?"

आईने डाव्या हाताने खांद्यावर पाणी ओतून घेतलं. "लागला," ती म्हणाली. "खोटा कशाला बोलू? त्या पोराचा फोन परत दिला नि बाकावर जाऊन बसले. म्हटला, परतीची बस कितीला हाय बघावा."

"मग?"

"मग काय. कालवांचा काय करू? बर्फ वितळाया लागलेला."

बोमीला हसू आलं, आणि ते हसूच राहील याची तिला खात्री वाटेना, म्हणून ती जोरजोरात घासायला लागली. आई आता रंगात आली होती. "नि येताना सगळ्या वाटेनं त्या मालिकेतल्या सासूसारखी बोलत आले, सवय व्हावी म्हणून. तर तो रखवालदार म्हणतो, बाईसाहेब, तुम्ही सरकारी कचेरीतून आलात काय?" दोघी हसल्या. बोमी म्हणाली, "आये, चुकला माजा." आई म्हणाली, "हां, चुकला," आणि मग, जरा वेळाने, "मी नवी सून म्हणून बेटावरून तुज्या बापाच्या गावात आले ना, तर तिथल्या बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. मी सहा म्हयने तोंड उघडला नाय. तू निदान बोलाया तरी शिकलीस." हे बोमीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या आवाजाला तिने नेहमी एकच आवाज मानलं होतं. त्याच्याही खाली आणखी एक बेट होतं, बुडालेलं.

सोमवारी तासाला उभं राहिल्यावर आपला आवाज पुन्हा सपाट होणार, हे बोमीला ठाऊक होतं. एका दुपारीत असं काही बदलत नाही. आणि तो सपाट आवाजही तिने घाम गाळून मिळवला होता, तो तिचाच होता. ग्युहोदादा तिला आता पुन्हा दादावाली म्हणेल, हेही तिला दिसत होतं. म्हणू दे. तिला आता एवढंच हवं होतं की उद्या सकाळी इस्पितळात फॉर्म भरताना, डॉक्टरांशी बोलताना, आपण आईच्या शेजारी असावं, आणि आईला एकही वाक्य घोकून यावं लागू नये.

"वळ आता," आई म्हणाली.

"तुजा हात..."

"डावा हाय की."

बोमी पाठ करून बसली. डाव्या हाताला सवय नव्हती. घासणी वाकडीतिकडी फिरत होती, कधी जोरात, कधी नुसतीच घसरत. पलीकडच्या चौरंगावर बसलेली एक म्हातारी हे बघत होती. "इकडे द्या, मी घासते लेकीची पाठ," ती म्हणाली. "कुठल्या तुम्ही?"

आई तत्काळ ताठ झाली. "आम्ही दक्षिणेकडील आहोत," ती म्हणाली.

"आये!" बोमी ओरडली. "नीट बोल की गो!"

"नीटच बोलतंय ना?"

"ह्याला नीट म्हणतात?"

 आई म्हातारीकडे वळली आणि तिने सगळं सांगायला सुरुवात केली, फरशांवरून घुमेल इतक्या मोठ्याने, प्रत्येक वाक्य वर चढवत आणि खाली सोडत. गाव कुठलं, यंदा कालवं कशी बारीक, दर कसा पडलाय, नवरा बोटीवर, उद्या हात कापायचा, आणि ही माझी लेक, पहिल्या वर्षाला हाय, लय हुशार. म्हातारीला निम्मं कळत होतं की नव्हतं; ती आपली "होय का, होय का" म्हणत होती. बोमी पाठमोरी ऐकत होती. बोलण्याच्या नादात आईचा डावा हात दोन खांद्यांच्या मध्ये एकाच जागी घासत राहिला होता आणि तिथली कातडी आता चुरचुरायला लागली होती. हात जरा सरकव, असं बोमी म्हणाली नाही.